मोतीचं खत मेथीला नको

पत्र: "ताई, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात खेड्यात राहतो. वीसेक गुंठ्यांचं आवार, नारळ-पोफळी, विहिरीच्या अंगाला परसबाग. घरात एक लॅब्रेडॉर, एक गावठी कुत्रा मोती आणि मनी नावाची मांजर. पूर्वी त्यांची घाण गडी उचलून पऱ्यात टाकायचा. ते पटेना, म्हणून दसऱ्यानंतर गोठ्यामागे खड्डा काढला आणि तिघांचंही त्यात पातेऱ्याबरोबर, म्हणजे गळलेल्या पानांबरोबर, टाकायला लागले. चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, अजिबात वास नसलेलं खत झालं. त्यातली दोन घमेली मेथीच्या वाफ्यात घातलीसुद्धा. शेजारच्या वहिनी नाक मुरडतात. यजमान म्हणतात, शेण चालतं, पूर्वी मैल्याचं सोनखत चालायचं, मग कुत्र्याचं का नको? टोरांटोतला भाचा सांगतो की तिकडे हे सरळ ओल्या कचऱ्यातच टाकतात. खतावर मारायची काही पावडर असते का? सगळा खटाटोप एवढ्यासाठी की लेक शिमग्याला बाळंतपणासाठी येतेय, तिला घरची विषमुक्त भाजी मिळावी."

उत्तर:

ताई, नमस्कार.

पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकी सगळ्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. ज्या वाफ्यात ती दोन घमेली पडली, त्या वाफ्यातलं काहीही लेकीच्या ताटात जाऊ देऊ नका. तिच्यासाठी मेथी लावायला अजून वेळ आहे, दुसरीकडे लावा. कशी ते पुढे सांगते.

खत करायची तुमची कल्पना मात्र मोडीत काढायची गरज नाही. पऱ्यात टाकणं म्हणजे खालच्या वाडीच्या पाण्यात टाकणं. ते बंद केलंत हे चांगलंच झालं. दोनच गोष्टींवर मी अडून बसणार आहे. कुत्र्यांचं खत खाण्याच्या कुठल्याही झाडाला जायचं नाही. आणि मनीचं त्यात मिसळायचंच नाही.

आता यजमानांकडे वळू, कारण त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेणही काही देवाघरून निर्जंतुक येत नाही. ताजं शेण पालेभाजीवर घालू नये, हे त्यांनाही ठाऊक असेल. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेण घातल्यापासून, मातीला टेकणारं पीक काढेपर्यंत १२० दिवस जावे लागतात, आणि आपली मेथी तर महिन्याभरात उपटायला येते. पण गाय-म्हैस गवतावर जगते आणि कुत्रा मांस, उष्टं, उंदीर, रस्त्यावर मिळेल ते खातो. त्याच्या आतड्यात जे जंत राहतात त्यांतल्या काहींना माणूसही चालतो. टॉक्सोकारा नावाचा गोल जंत त्यातला मुख्य. त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती पोटात गेली तर माणसाच्या आतड्यात जंत होऊन स्वस्थ बसत नाहीत. अळ्या बाहेर पडून यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात भटकतात. याचा त्रास जास्त कोणाला? माती तोंडात घालणाऱ्या पोरांना. लेकीचं बाळ पुढच्या थंडीत तुमच्या अंगणात रांगत असेल, हे धरून चला. आकडेकृमी हा दुसरा. त्याच्या अळ्या उघड्या कातडीतून शिरतात, म्हणजे परसात अनवाणी फिरणाऱ्याच्या तळव्यातून.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी थबकले: "काळं, भुसभुशीत, अजिबात वास नसलेलं." शेणखत तयार झालं का हे आपण असंच ओळखतो, आणि शेणाच्या बाबतीत ती परीक्षा पुरते. इथे पुरत नाही. वास जातो तो कुजवणाऱ्या जिवाणूंनी पटकन पचणारं सगळं खाऊन टाकल्यामुळे. जंतांच्या अंड्याचं कवच त्यांना सहजी पचत नाही. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, वरची घाण कधीच मातीमोल झालेली असते तरी. म्हणजे तुमचं खत झाडाच्या दृष्टीने तयार आहे, माणसाच्या दृष्टीने नाही, आणि हाताने चोळून किंवा नाकाने हुंगून हा फरक कळायचा नाही.

सोनखताबद्दल यजमान बरोबर बोलतात. ज्यांनी ते काम शास्त्रशुद्ध केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तुमच्याच कोकणात, कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करण्याचं काम स्वतःच्या हातांनी केलं. त्याच्याही आधी, १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खताची जी पद्धत बसवली, ती आजही इंदूर पद्धत म्हणून शिकवली जाते. थर देऊन ढीग रचायचा, ओल राखायची, ठरावीक वेळी उलटायचा. आतून तो तापतो. बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी शहराचा कचरा आणि मैला एकत्र कुजवायची पद्धत बसवली, तीही याच घराण्यातली. पण या सगळ्यांच्या हाती दोनच हत्यारं होती, उष्णता आणि वेळ. ज्या गावांत ही दोन्ही न वापरता मैला नुसता शेतात ओतला जायचा, तिथे पोरांच्या पोटात जंत असणं नेहमीचंच होतं. "पूर्वी चालायचं" म्हणताना हेही हिशेबात धरायला हवं.

आधी उष्णता. अमेरिकेत सांडपाण्याच्या गाळाचं खत करायचा नियम असा आहे: उघडा ढीग असेल तर आतलं तापमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअसवर राहिलं पाहिजे, आणि तेवढ्या काळात तो पाच वेळा उलटला पाहिजे, म्हणजे बाहेरचं आत जाऊन सगळंच्या सगळं तापेल. हे घरी जमतं का? ढीग एवढा तापायला निदान एक घनमीटर माल एकदम रचावा लागतो. तुमचे दोन्ही कुत्रे मिळून दिवसाला सहा-सातशे ग्रॅम देत असतील, महिन्याला वीस किलोच्या आसपास. रोज थोडं थोडं पडत गेलेला ढीग कोमट होतो, तापत नाही. कालचं निवतं आणि आजचं वरून पडतं.

कुत्र्यांच्या विष्ठेचं तापवून खत करायचा सगळ्यात नेटका प्रयोग झाला तो अलास्कातल्या फेअरबँक्सला, जिथे बर्फावर गाड्या ओढणारी कुत्री एकेका मालकाकडे डझनांनी असतात. त्यांची कृती साधी: दोन भाग विष्ठेला एक भाग लाकडाचा भुसा, पिळलेल्या फडक्याइतकी ओल, तापमापक खुपसून ६३ अंशांच्या आसपास गाठायचं, उतरलं की उलटायचं. काही आठवड्यांत घाण निम्मी होऊन छान खत बनतं. एवढं सगळं मोजूनमापून करूनही त्यांचा सल्ला हाच की माणसांनी खायच्या पिकाला हे घालू नका. कुत्र्यांचा तांडा, तापमापक आणि चिकाटी हे सगळं असलेल्यांनी ही मर्यादा पाळली. दोन कुत्री आणि एका खड्ड्याच्या भरवशावर आपण ती ओलांडायची म्हणजे जरा जास्तच होतंय.

म्हणून तुमच्या वाट्याला उरतो तो वेळ, आणि घाई नसली तर ते चांगलं हत्यार आहे. दोन खड्ड्यांचा संडास याच तत्त्वावर चालतो: एक भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा, पहिल्याला निदान वर्षभर हात लावायचा नाही. तुमच्याकडे तसला संडास असेल तर इथेच थांबा. कुत्र्यांचं रोज त्यात टाका, बादलीभर पाणी ओता, झालं. सेप्टिक टँक असेल तरी दोन कुत्र्यांचं त्यात सहज सामावतं. फक्त पिशवी, वाळू, पातेरा त्यात जाऊ देऊ नका.

खत हवंच असेल तर खड्डा नको, ड्रम घ्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात जमिनीतला खड्डा मिरगानंतर विहिरीसारखा भरतो. जांभ्या दगडाला भेगा आणि पोकळ्या असतात. खड्ड्यातलं पाणी त्यातून कुठे पोचेल हे तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही, आणि परसबाग विहिरीला लागून आहे असं तुम्हीच लिहिलंय. दोनशे लिटरचे निळे ड्रम तालुक्याच्या गावी जुने मिळतात. रसायनाचा नको, खाद्यतेलाचा किंवा साबणाचा बघून घ्या. तीन लागतील. दोन कुत्र्यांचं आणि त्यावरचा भुसा धरून एक ड्रम साधारण सहा महिन्यांत भरतो. दुसरा आणि तिसरा भरेपर्यंत पहिल्याला पूर्ण वर्षाची विश्रांती मिळते. दोनच घेतलेत तर पहिला सहा महिन्यांतच रिकामा करायची पाळी येते आणि सगळ्याचा बोऱ्या वाजतो.

ड्रमाच्या बाजूंना बोट जाईल एवढी भोकं पाडा, वर झाकण, चिऱ्यांवर उचलून मांगराच्या किंवा गोठ्याच्या वळचणीखाली ठेवा, विहिरीपासून निदान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. तळाला वीतभर सुका पातेरा. नंतर रोज कुत्र्यांचं उचलून टाकलं की त्यावर तेवढाच भुसा. सुताराकडचा चालतो, भाताचं तूस चालतं, नारळाच्या सोडणाचा भुसा तर कोकणात फुकट आहे. वास आला किंवा माश्या घोंगावल्या तर समजा, भुसा कमी पडतोय. खालून काळं पाणी गळायला लागलं तरी तेच. (पातेरा भाजावळीला जाळण्याऐवजी थोडा पोत्यांत भरून ठेवा. पावसात सुकं काही सापडत नाही आणि तेव्हाच त्याची गरज जास्त.) रोज उचलणं महत्त्वाचं, कारण ताज्या विष्ठेतली टॉक्सोकाराची अंडी लगेच बाधत नाहीत; ती बाधण्याजोगी व्हायला दोन-चार आठवडे लागतात. अंगणात वाळून मातीत मिसळू दिलीत की खेळ तुमच्या हातातून गेला. या कामाचं फावडं, घमेलं आणि हातमोजे वेगळे ठेवा, दांड्याला लाल रंग मारा, आणि गड्याला नीट समजावून सांगा. तोच जास्त हाताळणार आहे, काळजी त्याचीही घ्यायची.

पशुवैद्यांकडून दोघांना जंताचं औषध वेळच्या वेळी मिळतंय ना? मोठ्या कुत्र्यांना साधारण तीन महिन्यांनी देतात. खताच्या सगळ्या उपायांपेक्षा हा उपाय जास्त गुणकारी, कारण मग अंडी मुळात बाहेर पडतच नाहीत किंवा फार कमी पडतात. औषध दिल्यावरचे दोन-तीन दिवस विष्ठा ड्रममध्ये न टाकता खोल पुरा. तुमच्या भागात पावसाळ्यात लेप्टोचा ताप येतो, तो प्राण्यांच्या लघवीतून पसरतो, खताशी त्याचा संबंध नाही. पण पशुवैद्यांकडे जाताय तर त्याची लस चुकली नाही ना, तेवढंही विचारून घ्या.

वर्ष काढलेला ड्रम कुठे रिकामा करायचा? जास्वंद, कण्हेर, बोगनवेल, क्रोटन, कुंपणाची झुडपं. आळ्यात पसरा आणि वर मातीचा थर द्या. फुलं देवाला जाणार असतील तर आधी घरात विचारा. शास्त्राची हरकत नाही, पण सासूबाईंची असेल. भाजीला नको म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त मेथी-मुळा येतो. तुळस विसरतात. गवती चहा, कढीपत्ता, ओवा, आलं-हळद, अळू, पुदिना, विड्याची पानं, हे सगळं आपण खातो, आणि त्यातलं बरंचसं कच्चं. पोफळीखाली पण नको, सुपारी जमिनीवरून वेचतात. नारळाला सोडण असतं म्हणून मन मोहात पडेल, पण त्याच आळ्यात तुमची हळद किंवा अननस असणार, खरं ना?

आता मनी. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. बहुतेकांना तो होऊन गेलेला कळतही नाही. पण गरोदरपणात पहिल्यांदाच झाला तर बाळापर्यंत पोचू शकतो आणि त्याच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. ओल्या मातीत तो वर्षाहून जास्त टिकतो. घाबरू नका, आणि मनीला गोणीत घालून लांब सोडून येण्याचा विचार कोणी मांडला तर त्याला माझं नाव सांगा. मांजर हा परजीवी साधारण आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर काही दिवस ते दोन-तीन आठवडे सोडतं. मांडीवर बसल्याने तो लागत नाही, तोंडातून जावा लागतो. विष्ठेतही तो बाधक व्हायला एक ते पाच दिवस घेतो, म्हणून तिची पेटी रोज साफ झाली की धोका खूप उतरतो. ते काम लेकीने करायचं नाही, बस. मनीचं जे निघेल ते आवाराच्या टोकाला, विहिरीपासून लांब, दीड-दोन फूट खोल पुरून टाका आणि ती जागा खणू नका. त्याचं खत कशालाच नको, फुलझाडांनाही नको, कारण आळी खुरपणारे हात आपलेच असतात.

पण तुम्ही न विचारलेली गोष्ट मला जास्त खटकते. मनी घरात पेटी वापरते की परसात जाते? गावातलं मांजर असेल तर तिला पसंत पडणारी जागा म्हणजे नुकतीच भुसभुशीत केलेली, ओली, मऊ माती. म्हणजे तुमचा मेथीचा वाफा. खत तुम्ही कितीही शुद्ध घातलंत तरी ती थेट तिथे जाऊन बसणार, आणि शेजारचे बोकेही. वाफ्यावर कोंबड्यांची जाळी आडवी टाका किंवा बांबूच्या कामट्या बोट-बोट अंतरावर रोवा. मऊ जागा उकरता आली नाही की मांजर दुसरीकडे जातं. तिच्यासाठी आवाराच्या कोपऱ्यात वाळूची एक जागा मुद्दाम करून ठेवा, तिथून उचलणं सोपं जातं.

लेकीच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा. रक्ताची तपासणी हवी का ते त्या ठरवतील. तिच्यापुरती कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात नीट धुऊन आणि शक्यतो शिजवून. शिजलेल्या भाजीत यातलं काही उरत नाही. कच्चं मांस हाताळणं हीसुद्धा टॉक्सोप्लाझ्माची एक वाट आहे. मांजरावर सगळं खापर फोडताना हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

तिची मेथी-शेपू-चवळई कुंड्यांत किंवा गोणीत लावा, त्या वाफ्यापासून लांब. मातीत गोठ्यातलं नीट कुजलेलं जुनं शेणखत, शेळीच्या लेंड्या, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत. विषमुक्त भाजीसाठी एवढं पुरेसं आहे. शेण-गोमूत्राचं जीवामृत घालायचं तर मुळाशी, पानांवर नको, आणि काढणीच्या तोंडावर तर अजिबात नको. ज्या वाफ्यात ते खत पडलंय, तो आता दोन वर्षं झेंडूला द्या. खणून माती काढायच्या भानगडीत पडू नका, उलट पसरेल. सध्याची मेथी उपटून वाफ्यातच गाडून टाका.

तुमच्या भाच्याचं म्हणणं खरं आहे. टोरांटोत पाळीव प्राण्यांची घाण घरोघरच्या हिरव्या डब्यात टाकायला परवानगी आहे. पण तो डबा महानगरपालिकेच्या कारखान्यात जातो, तिथे बंद टाक्यांत त्याचा गॅस करतात आणि उरलेल्याचं पुढे खत होतं. त्या डब्यामागे अख्खी यंत्रणा आहे, भाच्याच्या परसातला खड्डा नव्हे.

पावडरीबद्दल. बाजारात मिळणारी कल्चरं, आंबवायच्या बोकाशी पावडरी, सगळ्या कुजणं लवकर करतात किंवा वास मारतात. अंड्यांचा भरवशाने नाश करेल अशी त्यात एकही नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. गांडूळ खतही या कामाचं नाही: गांडुळांना गारवा लागतो, म्हणजे जे तापमान आपल्याला हवं ते मिळायचंच नाही, आणि जंताच्या औषधांचा अंश विष्ठेत आला तर बिचारी गांडुळं आधी मरतील. कुत्रा फिरवताना वापरायच्या "कुजणाऱ्या" पिशव्याही ड्रममध्ये टाकू नका. त्यातल्या बहुतेक कारखान्यातल्या उष्णतेतच कुजतात. तुमच्या ड्रमातून त्या वर्षाने जशाच्या तशा निघतील.

राहिला गोठ्यामागचा खड्डा. तो विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असेल तर आजच त्यावर फूटभर माती ओढा, चिरे ठेवून खूण करा आणि विसरून जा. जवळ किंवा वरच्या अंगाला असेल तर मिरगाआधी हातमोजे घालून तो उपसायला हवा. त्यात मनीचंही आहे, म्हणून तो माल ड्रममध्ये न घालता टोकाच्या खोल खड्ड्यात पुरा. हे काम लेक यायच्या आधी उरका. आणि ड्रमावर बंद केल्याची तारीख ऑइल पेंटने घाला, मार्करचं अक्षर तुमच्याकडचा पाऊस आठवडाभरही ठेवत नाही.